‘जत्रा’ आणि ‘यात्रा’ : एका शब्दाची दोन रूपे

पाठाचे प्रयोजन : ‘आमच्या गावचा उत्सव’ हा निबंधाचा नेहमीचा विषय होय. मुले उत्साहाने लिहितात आणि बहुतेकांच्या वहीत ‘जत्रा’ हा शब्द येतो. पुष्कळदा त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून वर ‘यात्रा’ असे शुद्ध करून दिले जाते. ‘यात्रा’ हा संस्कृत शब्द, म्हणून तो शुद्ध. ‘जत्रा’ हा त्याचा खेडवळ अपभ्रंश, म्हणून तो अशुद्ध, अशी या दुरुस्तीमागील समजूत असते. ही समजूत भाषेच्या दृष्टीने खरी नाही. शिवाय घरात आईवडिलांच्या तोंडी असलेला शब्द शाळेत चुकीचा ठरला, की मूल लिहिताना बिचकू लागते. यासाठी या दोन शब्दांचा परिचय शिक्षकाने नीट करून घेणे अगत्याचे आहे.

शब्दाचे मूळ : ‘या’ म्हणजे जाणे. या संस्कृत धातूपासून ‘यात्रा’ हा शब्द झाला. प्राकृत भाषांत शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो. त्याप्रमाणे ‘यात्रा’चे प्राकृतात ‘जत्ता’ झाले. मराठीने आरंभीचा ‘ज’ प्राकृताच्या वळणाचा ठेवला व ‘त्र’ मात्र संस्कृतासारखा राखला, तीच ‘जत्रा’. हा फरक अज्ञानाने झालेला नसून नियमाने झालेला आहे. यव–जव, योगी–जोगी, योग्य–जोगा, युक्ती–जुगत, यज्ञोपवीत–जानवे या जोड्या फळ्यावर लिहिल्या, तर नियम मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. ‘जानवे’ हा शब्द कोणी अशुद्ध मानीत नाही; मग ‘जत्रा’ तरी का मानावा?

हे रूप केवळ महाराष्ट्रातच आढळते असेही नाही. गोव्यात देवळांच्या उत्सवांना ‘जात्रा’ म्हणतात. शिरगावच्या लईराई देवीची जात्रा प्रसिद्ध आहे. कन्नड भाषेत ‘जात्रे’ हा शब्द आहे. नेपाळात काठमांडू येथे ‘इंद्रजात्रा’ होते. बंगालमध्ये तर ‘जात्रा’ हे एका लोकनाट्याचेच नाव झाले आहे.

अर्थातील भेद : मूळ एक असले तरी मराठीने दोन्ही रूपे ठेवून घेतली व त्यांना कामे वाटून दिली. ‘यात्रा’ शब्दात जाणे मुख्य असते. काशीयात्रा, तीर्थयात्रा, पदयात्रा, अंत्ययात्रा या शब्दांत ‘यात्रा’ काढून ‘जत्रा’ घालता येत नाही. ‘जत्रा’ शब्दात जमणे मुख्य असते. एका ठिकाणी, एका दैवतापाशी, ठरल्या दिवशी माणसे गोळा होतात. पाळणे, खेळणी, मिठाई यांची दुकाने लागतात. म्हणून यात्रेला माणसे निघतात, तर जत्रा भरते. बाजार भरतो, शाळा भरते, तशीच जत्राही भरते.

‘आजी यात्रेला गेली’ व ‘आजी जत्रेला गेली’ ही दोन वाक्ये मुलांपुढे ठेवावीत. पहिले वाक्य ऐकून आजी दूरच्या क्षेत्राला गेली असावी असे वाटते; दुसरे ऐकून ती संध्याकाळी बत्तासे घेऊन परतेल असे वाटते.

तथापि ही विभागणी सर्वत्र सारखी नाही. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरी येथे चैत्र पौर्णिमेस जोतिबाची ‘चैत्र यात्रा’ भरते. गावोगावची माणसे सासनकाठ्या घेऊन तेथे येतात. पंढरपूरच्या आषाढी व कार्तिकी सोहळ्यांनाही यात्राच म्हणतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार असतो. याउलट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची ‘जत्रा’च. तिची तिथी पंचांगात ठरलेली नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तेव्हा ज्या गावचा सोहळा, त्या गावचा शब्द प्रमाण मानावा.

जवळचे शब्द : ‘वारी’ म्हणजे नियमाने पुन्हापुन्हा केलेले जाणे, ते व्रत पाळणारा तो वारकरी. ‘मेळा’ शब्दात मिळणे, एकत्र येणे हा अर्थ आहे; नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सुमारे 12 वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. ‘उरूस’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ विवाह असा आहे. सत्पुरुषाचा देह ठेवण्याचा दिवस हा त्याच्या परमेश्वराशी झालेल्या मीलनाचा दिवस, या भावनेने पुण्यतिथीस उरूस म्हणू लागले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस सर्वश्रुत आहे.

वाक्प्रचार : जत्रेस येणाऱ्यांचे ‘हौशे, नवसे, गवसे’ असे तीन प्रकार लोकांनी केले आहेत. हौशे मौजेसाठी येतात, नवसे नवस फेडण्यासाठी येतात आणि काही गवसते का, हे पाहण्यासाठी गवसे येतात. तीन शब्दांत सारी जत्रा उभी करणारी ही भाषा खेड्यातलीच आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

शिक्षकांस सूचना : मुलाने ‘जत्रा’ लिहिले असता तो शब्द खोडू नये. ‘तुमच्या गावी याला काय म्हणतात?’ असे विचारावे व निरनिराळ्या मुलांनी सांगितलेले शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत. मात्र ‘काशीजत्रा’ यांसारखा प्रयोग आढळल्यास तो अवश्य सुधारावा. कारण तेथे अर्थ बिघडतो. प्रमाणभाषा शिकवायची ती घरच्या भाषेत भर घालण्यासाठी. घरची भाषा पुसून टाकण्यासाठी नव्हे.

स्वाध्याय
1. ‘यात्रा’ किंवा ‘जत्रा’ यांपैकी योग्य शब्द घाला : (अ) आजोबा काशी——करून आले. (आ) ——त पाळण्यात बसायला मजा आली.
2. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला आहे असे तीन शब्द लिहा.
3. तुमच्या गावच्या सोहळ्याचे नाव, दैवत व दिवस घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा. त्यांनी वापरलेला शब्दच लिहा.