व्हॉल्व्ह बदलण्याआधी फिलामेंट मोजा

निफाडजवळ द्राक्षबागेत राहणाऱ्या मामांचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर माझ्याकडे पंचवटीत आला, तेव्हा त्यात ईएल84 ची कोरी जोडी आणि नवा ईझेड81 रेक्टिफायर बसवलेला होता. मेकॅनिकचं बिल भरून झालं होतं; आवाज मात्र दबलेलाच, वर घरघर. "व्हॉल्व्ह डुप्लिकेट दिलेत बघ त्यानं," मामांनी निकाल देऊन टाकला.

एच.टी., म्हणजे व्हॉल्व्हना लागणारी उच्च डीसी, कमी दिसली की सगळ्यांचा हात आधी व्हॉल्व्हकडे जातो, कारण तो उपसून बदलता येतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले, त्या काळी ही सवय परवडत असेल. आता परवडत नाही.

मी पहिल्यांदा फिलामेंटचे एसी व्होल्ट मोजतो. एकाच ट्रान्सफॉर्मरवरून फिलामेंट आणि एच.टी. दोन्ही निघतात. दोन्ही सारख्याच प्रमाणात पडले असतील तर दोष बाहेरून येणाऱ्या विजेत किंवा व्होल्टेजच्या टॅपमध्ये. फिलामेंट ठीक आणि फक्त एच.टी. खाली असेल तर रेक्टिफायर, फिल्टर कंडेन्सर किंवा पुढे कुणीतरी जास्त करंट खातंय. मामांच्या सेटवर फिलामेंट 6.3, अगदी चोख. एच.टी. 285 च्या आसपास हवी होती, ती 205.

हा आकडाच बोलत होता. ट्रान्सफॉर्मर 250-0-250 चा. पहिला कंडेन्सर जिवंत असेल तर तो शिखराकडे, म्हणजे 353 कडे भरत जातो आणि लोडवर थोडा उतरतो. तो सुकून गेला आणि पुढे चोक असला, तर हाती सरासरी उरते: 250 च्या 0.9 पट, म्हणजे 225. त्यातून रेक्टिफायरचे पंधरा-वीस वजा करा. नवा कंडेन्सर 450 व्होल्टचा घेतला, तोही 47 मायक्रोफॅरडचा. घरघर जावी म्हणून 220 चा टाकू नका. ईझेड81 ला पहिल्या जागी 50 पेक्षा मोठा सोसत नाही.

कंडेन्सरनेही फरक पडला नसता तर ईएल84 च्या ग्रिडवर डीसी पाहिली असती. तिथे शून्य हवं. पॉझिटिव्ह दिसलं तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतोय आणि एच.टी. खाली बसतेय. अशा वेळी नवी जोडीसुद्धा लाल होऊन मरते.

हे सगळं मोजताना मीटर आणि त्याच्या वायरी हजार व्होल्टच्या, डावा हात खिशात. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो. दहा हजार ओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरने तो रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे उस्ताद मी पाहिलेत, त्यांच्याकडे काही शिकू नका. आणि सिरीज बल्ब लावून तपासत असाल तर मोजणी करताना तो काढा, नाहीतर बल्बने खाल्लेले व्होल्ट तुम्ही सेटच्या नावावर मांडाल.

सेट निफाडला परत गेला. आठवड्याने मामांचा फोन: "संध्याकाळी पुन्हा तसंच रे." मीटर घेऊन गेलो. फिलामेंट 5.2, एच.टी. 235, दोन्ही सारख्याच पटीत पडलेले. सॉकेटवर 190 व्होल्ट. शिवारातल्या पंपांची पाळी सुरू होती.

"मग पट्टी 200 वर कर ना," मामा म्हणाले. ते करू दिलं नाही. पंप बंद झाले की त्याच सॉकेटवर रात्री 240 येतात; 200 च्या टॅपवर फिलामेंट साडेसातच्या पुढे जाईल आणि महागड्या नव्या जोडीचं आयुष्य झपाट्याने घटेल. टॅप 230 वरच ठेवला, बाहेर स्टॅबिलायझर लावला. आधीच्या मेकॅनिकने काढलेले जुने ईएल84 मामांनी पिशवीत जपून ठेवले होते. बसवून पाहिले, दोन्ही ठणठणीत निघाले.