पांढऱ्या एलईडीतील फॉस्फर आणि टिकणारा उजेड

एलईडी दिव्यांची खरेदी आणि देखभाल पाहणाऱ्यांच्या अनुभवास वारंवार येते ते असे की, खोक्यावर छापलेला प्रतिवॉट ल्युमेनचा आकडा नव्या दिव्याचा असतो. छताच्या बंद खोबणीत बसवलेला तोच दिवा काही वर्षांत मंदावला किंवा निळसर पडला, तर दोष चिपवर ढकलला जातो, परंतु तो फॉस्फरच्या थराचाही असू शकतो.

चिप मुळात सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते. फॉस्फर, म्हणजे तो शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणारी भुकटी, त्याचा काही भाग पिवळा करते आणि उरलेल्या निळ्याशी मिळून पांढरा प्रकाश तयार होतो. निळ्याचा प्रत्येक प्रकाशकण ५६० नॅनोमीटरच्या कणात बदलला, तरी सुमारे २० टक्के ऊर्जा उष्णतारूपाने थरातच उरते, आणि भुकटी धरून ठेवणारे सिलिकोन उष्णता सहज वाहून नेत नसल्याने ती साचते. तापलेला फॉस्फर कमी उजेड देतो, आणि न दिलेल्या उजेडाची पुन्हा उष्णताच होते.

सिरियमयुक्त यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट हा जुना पिवळा फॉस्फर उष्णतेला बराच टिकतो. खरी अडचण आहे ती उबदार छटेसाठी मिसळाव्या लागणाऱ्या लाल फॉस्फरची. युरोपियमयुक्त नायट्राइड टणक असले, तरी त्याचा वर्णपट रुंद असल्याने बराच प्रकाश डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या गडद लालात वाया जातो. मँगॅनीजयुक्त पोटॅशियम फ्लुओरोसिलिकेट ६३१ नॅनोमीटरच्या आसपास अरुंद रेषांत प्रकाश देत असल्याने ही नासाडी टाळते, मात्र ओलाव्याने त्याच्या कणांवर तपकिरी मँगॅनीज ऑक्साइड चढते आणि ते प्रकाश गिळते. कोकणातील पावसाळी हवेत वापरायच्या दिव्यासाठी कणांवर संरक्षक लेप असणे आणि ८५ अंश सेल्सियस व ८५ टक्के आर्द्रतेतील चाचणीचा निकाल पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. तीव्र प्रकाशाच्या दिव्यांत सिलिकोनऐवजी काचेत किंवा सिरॅमिकच्या चकतीत बसवलेला फॉस्फर अधिक भरवशाचा.

खरेदीदाराने एलएम-८० चाचणीचा, म्हणजे एलईडी हजारो तास चालवून उजेड किती टिकतो ते मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि त्यात उजेडाबरोबर रंगछटेतील बदलही वाचावा. टीएम-२१ पद्धतीनुसार आयुष्याचा अंदाज चाचणीच्या तासांच्या जास्तीत जास्त सहापट नेता येतो. चाचणी ६००० तासांची असेल तर ५०,००० तासांचा दावा या पद्धतीत बसत नाही. शिवाय प्रत्यक्ष दिव्यातील एलईडीच्या आवरणाचे तापमान चाचणीतील तापमानापेक्षा जास्त असेल तर तो अहवाल लागूच होत नाही. आवरणाचे तापमान दिवा बसवलेल्या जागी, तो पुरेसा तापल्यावरच मोजावे.