सिंहस्थातील अदृश्य हात

उज्जैनचा सिंहस्थ म्हटला की साधूंच्या मिरवणुका आणि रामघाटावरील स्नान डोळ्यांसमोर उभे राहते. बारा वर्षांनी येणारा हा मेळा २०१६ मध्ये २२ एप्रिल ते २१ मे असा महिनाभर भरला होता. एवढा जनसमुदाय सांभाळणारे हात मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतात.

उन्हाळ्यात शिप्रेचा प्रवाह क्षीण होतो. नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून तिच्यात सोडण्याची सोय २०१४ मध्ये झाली. घाटावर पाणी किती असावे, हे अशा पंपांवरील आणि बंधाऱ्यांवरील कर्मचाऱ्यांच्या दक्षतेवरही अवलंबून असते.

घाटावरील जीवरक्षकाने मिरवणुकीकडे पाठ फिरवून पाण्याकडे पाहावयाचे असते. बुडणारा मनुष्य बहुधा ओरडू शकत नाही. श्वास घेण्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. शक्य तेथे स्वतः उडी घेण्यापूर्वी दोर किंवा तरंगते कडे फेकावे, हा या कामाचा पहिला धडा होय.

हरवलेल्या मुलांच्या केंद्रावरील स्वयंसेवकाचे काम तितकेच नाजूक. मुलाची सर्व ओळख ध्वनिक्षेपकावरून सांगू नये. एखादी खूण राखून ठेवावी आणि न्यावयास येणाऱ्यास ती विचारावी. मूल त्याला ओळखते की नाही हे पाहूनच नोंदवहीत सही घ्यावी. खानदेशातून आलेल्या वृद्धेशी तिच्या बोलीत बोलणारा कोणी असला तर निम्मी चिंता तेथेच दूर होते.

मंडप बांधणाऱ्यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. ५ मे २०१६ रोजी उज्जैनमध्ये वादळी पावसाने मंडप कोसळून जीवितहानी झाली. खुंटी किती खोल ठोकली आणि तणाव्याचा दोर किती घट्ट आहे, याची रोज पाहणी करणे म्हणूनच अगत्याचे.

नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. मागच्यांना पुढची अडचण दिसत नाही. त्यामुळे पुढील वाट भरण्यापूर्वीच मागील गर्दी थांबवावी लागते. तेथे उभा असलेला स्वयंसेवक लोकांचा रोष पत्करतो, पण प्राण वाचवितो.

आपल्या गावच्या जत्रेतही हीच कामे लहान प्रमाणात असतात. ग्रामपंचायत, शिक्षक आणि तरुण मंडळांनी ती आधीच नेमून द्यावीत, प्रत्येकास त्याचे काम समजावून सांगावे आणि ठराविक वेळाने बदली माणूस पाठवावा. थकलेला पहारेकरी हा नसल्यासारखाच असतो.