चाक हाती घेताना

१ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. आजच्या अहिल्यानगरला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु प्रवासी म्हणून गाडीत बसणे निराळे आणि स्वतः चाक हाती घेणे निराळे, हे मोटार शिकताना मला उमगले. त्यातून जे तीन धडे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिला धडा वेगाचा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेलेली असते. वेग ताशी ७२ झाला की हे अंतर २० मीटर होते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली आपल्या दिव्याच्या झोतात आल्यावरच दिसते. म्हणून रात्री जेवढा रस्ता उजेडात दिसतो, तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवावा.

दुसरा धडा घाटाचा. माझे शिक्षक सांगत, "ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं." करंजी किंवा इमामपूर घाटात पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याचा मोह होतो. मग सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते.

तिसरा धडा खरेदीचा. पहिली गाडी बहुधा जुनीच असते, माझीही तशीच. इंजिन पाहायला ओळखीचा मेस्त्री नेला, पण अधिक वेळ कागदांना दिला. चासी क्रमांक जुळतो का, आर.सी. बुकावर कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे सारे तपासले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. पुष्कळजण याची टाळाटाळ करतात. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती. तरीही नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. तेव्हा घरातली जुनी गाडी विकतानाही नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्का परवाना किमान ३० दिवसांनंतर मिळतो. तो काळ केवळ मैदानात फेऱ्या मारण्यात घालवू नका. परवानाधारक जाणकाराला शेजारी बसवून घाट आणि रात्रीचा रस्ता, दोन्हींचा सराव करा. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही. रस्ता मात्र विचारल्यावाचून राहणार नाही.