कागदपत्रांना संगणकाचे कुलूप

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुले वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका ही सारी शिदोरी आता मुलांच्या पेनड्राइव्हमध्ये असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो दुकानातील संगणकाला लागतो, कधी तेथेच राहून जातो. ज्याला सापडेल त्याच्या हाती घरादाराची ओळख जाते. म्हणून हा छोटा पाठ आम्ही विद्यार्थ्यांसाठी देत आहोत.

कागदपत्रांचे संरक्षण हा विषय आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकाची, त्याच्या घराची व कागदपत्रांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये, असे कलम सुचविले होते. संविधानात ते स्वतंत्र कलम म्हणून आले नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. हक्क मिळाला तरी कुलूप आपणच लावावे लागते.

ते कुलूप म्हणजे 'जीपीजी' हे विनामूल्य साधन. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ साली आली. लिनक्सवर ते बहुधा असतेच. विंडोजवर 'जीपीजीफोरविन' बसवावे. आज्ञा रोमन अक्षरांत टाईप कराव्यात.

१) सर्व फाइली एका झिप फाइलमध्ये बांधाव्यात. समजा, तिचे नाव 'दाखले.झिप'.

२) 'जीपीजी -सी दाखले.झिप' ही आज्ञा द्यावी. परवलीचे वाक्य दोनदा विचारले जाते व 'दाखले.झिप.जीपीजी' ही कुलूपबंद फाइल तयार होते.

३) उघडण्यासाठी 'जीपीजी -ओ नवी.झिप -डी दाखले.झिप.जीपीजी' अशी आज्ञा द्यावी. ही चाचणी संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर घ्यावी. कारण परवलीचे वाक्य संगणक काही वेळ लक्षात ठेवतो आणि ते आपल्यालाच आठवते असा आपला समज होतो.

मूळ उघडी फाइल जागेवरच राहते, हे विसरू नये. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल पुन्हा काढता येते. म्हणून कुलूप विश्वासाच्या संगणकावर लावून फक्त कुलूपबंद फाइल कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. दुकानातील संगणकावर ती उघडू नये. टाईप केलेली अक्षरे टिपून घेणारी यंत्रणा तेथे असू शकते. अर्जाला लागेल तेवढाच दाखला वेगळा न्यावा.

परवलीचे वाक्य म्हणून जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा 'जयभीम' घेऊ नये. ते ओळखीचा कोणीही ताडतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. ते विसरल्यास साधन बनविणारासुद्धा फाइल उघडून देऊ शकत नाही. म्हणून ते कागदावर लिहून घरच्या पेटीत मूळ सनदांजवळ ठेवावे, पेनड्राइव्हजवळ कदापि नाही.

प्रत्येक वसतिगृहातील एका जाणत्या विद्यार्थ्याने दहा जणांना हे शिकवावे, एवढीच आमची विनंती आहे. दाखले मिळविण्यासाठी आईवडिलांनी तहसीलचे किती हेलपाटे घातले आहेत, हे आपण जाणतोच.