वाद करावा, पण कसा?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत खतावण्या जुळवत निवृत्त झालो. तरी वादविवादाची खुमखुमी मला पहिल्यापासून होती. तिची एक गोष्ट सांगतो.

मालवणला असताना माझे एक सहकारी ख्रिस्ती होते. नाताळात त्यांच्या घरच्या नेवऱ्या आमच्याकडे यायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत विचारले, "तुमचा देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून तीन. हा ताळेबंद जुळतो कसा?" सगळे हसले. ते शांतपणे म्हणाले, "मगे तुमच्या दत्ताक तीन तोंडां कशी?" मला उत्तर सुचेना. मग मी त्यांच्या पूर्वजांच्या धर्मांतरावर घसरलो. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलू लागले. नेवऱ्याही बंद झाल्या.

माझे काय चुकले, ते निवृत्तीनंतर कळले. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य ठरवण्यासाठी प्रमाण आणि तर्क घेऊन करतात तो वाद. केवळ जिंकण्यासाठी करतात तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडायची, ती वितंडा. शब्दाचा भलताच अर्थ धरून पकडणे याला छल म्हणतात, आणि तो जल्पात चालतो. माझा प्रश्न म्हणजे छलच होता. ख्रिस्ती मत म्हणते, तत्त्व एक, व्यक्ती तीन. एकाच अर्थाने एक आणि तीन म्हटले असते तरच विसंगती झाली असती. आणि तोच हिशेब लावला तर ब्रह्मा, विष्णु, महेश यांचे एकरूप असलेले आपले दत्तमहाराजही त्यात सापडतात!

आपल्याकडे चांगल्या वादाचा दाखला आहे. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी सप्तशृंगीला तप केले, आणि १८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. त्याचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने काढला तो प्रतिपक्षाच्या जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानेच, त्याच वर्षी. ज्याच्याशी मतभेद आहेत त्याचे म्हणणे लिहून ठेवण्याजोगे वाटावे, याहून मोठी पावती कोणती?

गेल्या वर्षी माणगावला टेंबे स्वामींच्या जन्मस्थानी जाऊन आलो आणि तसाच त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो. "माझे चुकले," म्हटले. ते म्हणाले, "बसा, चाय घ्या." मग खरा वाद झाला. मी विचारले, "पाप एकाचे आणि प्रायश्चित्त येशूने घेतले, हा न्याय कसा?" ते म्हणाले, "कर्ज जामीनदार फेडतोच ना? तो आपणहून उभा राहिला." मी म्हटले, "कर्ज फिटेल, पण कर्ज काढणारा बदलला का? आमचा कर्मसिद्धांत म्हणतो, ज्याचे कर्म त्यालाच भोगायचे." ते म्हणाले, "आपल्यासाठी कोणी भरले हे कळले की माणूस बदलतो. आणि तुमचे गुरू कृपा करतात तेव्हा कर्माचा हिशेब कुठे जातो?" या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे. कोणी हरले नाही. निघताना त्यांनी नेवऱ्यांची पिशवी हातात दिली.

तरुण भक्तांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी पूर्वपक्ष मांडा, म्हणजे समोरच्याचे म्हणणे असे सांगा की तो म्हणेल, "होय, हेच माझे म्हणणे." दुसरे, आपला युक्तिवाद आधी स्वतःच्या श्रद्धेला लावून पाहा. तिसरे, माणसाच्या घरादारावर, पूर्वजांवर जाऊ नका. तिथे तर्क संपतो.

अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले. त्यात पृथ्वी, वारा आहेत तशी पिंगला वेश्याही आहे. जो इतक्यांकडून शिकतो, त्याच्या भक्ताने शेजाऱ्याकडून शिकायला लाजू नये.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥