भूतानला जायचंय ना? आधी कागद बघू

अगं, ती विमानाच्या तिकिटांची खिडकी आधी बंद कर बघू. उद्या चार पैसे महाग होतील, होऊ देत. सासूबाई, दोन पोरं, तुम्ही दोघं आणि अमेरिकेहून येणारे दीर-जाऊबाई, अशी सगळी मंडळी मे महिन्यात भूतानला न्यायची आणि कागदपत्रांचं सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात. डोकं भणभणणारच गं. पण खरं सांगू का, यात तुला जमणार नाही असं एकही काम नाही. फक्त क्रम सांभाळायचा. भूतानसाठी आधी कागद, मग मुक्काम, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

‘आपल्याला व्हिसा लागत नाही’ हे तू ऐकलंयस ते खरं आहे, पण अर्धंच. भारतीय नागरिकाला व्हिसा नाही, मात्र प्रवेशाचं परमिट लागतं. ते हातात नसेल तर सीमेवरच्या फुंत्शोलिंग गावातून पुढं थिंफू-पारोकडे सोडत नाहीत. या देशानं बाहेरच्या पर्यटकांना दार उघडलं तेच मुळी १९७४ मध्ये, चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास. तेव्हापासून त्यांचं म्हणणं ठाम आहे, की माणसं थोडी येऊ देत, पण नीट येऊ देत. कोरोनात मार्च २०२० मध्ये लावलेलं दार त्यांनी २३ सप्टेंबर २०२२ ला उघडलं. लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथं सुट्टीतला महाबळेश्वरचा बाजार भरला तर काय होईल, तूच विचार कर.

आता कागद. मोठ्या माणसांची भूतानला दोनच ओळखपत्रं चालतात. एक पासपोर्ट, तोही किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार नाही, पॅन नाही, लायसन्स नाही. इथंच सगळ्यांचा घोळ होतो बघ, आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडच्या नियमानुसार १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना आधारसारख्या कागदावर नेपाळ-भूतानला जायला मुभा आहे. ती भारतातून बाहेर पडण्यापुरती. परमिट देणार भूतान, आणि भूतानचा माणूस पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच मागणार. तेव्हा सासूबाई सत्तरीच्या आहेत म्हणून त्यांचं आधार पुरेल, असं कुणी एजंट छातीठोकपणे सांगत असला तरी ऐकू नकोस.

सासूबाईंकडे पासपोर्ट नाही ना? मग त्यांचं मतदार ओळखपत्र आजच कपाटातून काढ आणि चष्मा लावून वाच. खरंच वाच हं, नुसतं आहे एवढं बघून परत ठेवू नकोस. आपल्याकडच्या बायकांच्या कार्डांवर काय काय असतं ते मी घरोघरी बघितलंय. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. मराठीत ‘लता’ आणि खाली इंग्रजीत ‘लाता’. नवऱ्याच्या जागी वडिलांचं नाव. जन्मतारखेऐवजी नुसतं वय, तेही वीस वर्षांपूर्वीचं. फोटो इतका काळा की सासूबाई कोण आणि मामेसासूबाई कोण, हे घरच्यांनाही सांगता येऊ नये. अर्जात नाव कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तसंच भरायचं, आणि हॉटेलचं बुकिंग नि विमानाचं तिकीटही त्याच नावानं. कार्डावरचं नावच धड नसेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भर, घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. त्यावर नवीन कार्ड हातात यायला मात्र वेळ लागतो. म्हणून तर तुला म्हणते, तिकिटांची खिडकी बंद कर.

तुझं स्वतःचंही बघ. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावानं केलास, पण मतदार ओळखपत्र अजून माहेरच्या नावानं असेल, तर दोन्ही पुढं करू नकोस. पासपोर्ट एकच दे आणि सगळीकडे त्याच्यावरचंच नाव चालव.

पोरांना मतदार ओळखपत्र असणार नाही, म्हणून त्यांना पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला. दाखला मूळ हवा आणि इंग्रजीत हवा. थोरलीचा मुंबईचा आहे, त्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही असेल. धाकट्याचा जन्म तुझ्या माहेरी गावाकडे झालाय, त्याचा दाखला नुसता मराठीत असला तर तो इंग्रजीतला काढून घे. आणि नंतर बारशाचं नाव घातलंत की तिथं अजून ‘बेबी ऑफ’च आहे, तेही तपास. अठराच्या खालच्या मुलाबरोबर आई किंवा वडील असतात तेव्हा प्रश्न येत नाही. पण उद्या नणंदेचा मुलगाही ‘मी पण येतो’ म्हणाला, तर त्याच्या आई-वडिलांचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती घेतल्याशिवाय त्याला गाडीत बसवायचं नाही.

आता दीर-जाऊबाई. ही गोष्ट घरात आधी बोलून टाक, कारण ऐनवेळी कळली की मनं दुखावतात. दिरांचा पासपोर्ट आता अमेरिकेचा आहे, बरोबर ओसीआय कार्ड आहे. त्यांना वाटतंय की कार्ड आहे म्हणजे आपण भारतीयांच्या रांगेत. तसं नाही गं. ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, आणि भूतानच्या लेखी ते परदेशी पाहुणे. त्यांना रीतसर व्हिसा लागणार, निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करून काढलेला, आणि त्याची ४० डॉलर फी. जाऊबाई मात्र ग्रीन कार्डवर आहेत, पासपोर्ट भारताचाच, म्हणून त्यांना आपल्यासारखं परमिट पुरतं. नवरा-बायकोचे कागद वेगळे, पैसेही वेगळे. ओसीआय कार्ड दिरांनी बरोबर ठेवायचंच, कारण भूतानहून भारतात परत शिरताना तेच उपयोगी पडणार आहे.

आणि पैसे. तुझ्या वहीत हॉटेल, गाडी, जेवण असं सगळं लिहिलेलं दिसलं, पण एसडीएफची ओळच नाही. शाश्वत विकास शुल्क म्हणतात त्याला, माणशी दर रात्रीचं. भारतीयांना १२०० रुपये, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. तुझं घर मांडून बघू. सहा रात्री, तुम्ही दोघं आणि सासूबाई, झाले २१,६०० रुपये. थोरली नऊची, तिचे ३,६००. धाकट्याचं काही नाही. म्हणजे २५,२०० झाले, आणि यात अजून कपभर चहाही आलेला नाही. जाऊबाईंचे ७,२०० वेगळे. दिरांना रात्रीचे १०० डॉलर, म्हणजे सहा रात्रींचे ६००, वर व्हिसाची फी. हा दर २०२२ मध्ये २०० डॉलर होता, सप्टेंबर २०२३ पासून निम्मा केलाय, ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत.

आकडा बघून नाक मुरडू नकोस. जुलै २०२० च्या आधी आपल्याला हे शुल्क नव्हतं, म्हणून पुष्कळांना ते टोचतं. मला मात्र पटतं, अगदी मनापासून पटतं. हा पैसा त्यांच्या मोफत शिक्षणाला, दवाखान्यांना, रस्त्यांना जातो. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, असं त्यांनी घटनेतच लिहून ठेवलंय. आपल्या सह्याद्रीत सुट्टीनंतरच्या सोमवारी धबधब्याखाली काय पडलेलं असतं ते आपण दोघींनी बघितलंय ना? मग रात्र एक कमी कर, पण कुरकुरत जाऊ नकोस.

परमिटचा अर्ज भूतानच्या सरकारी संकेतस्थळावरच भर. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट बीटी’ आहे ना, ते बघ. तशाच नावाची, तशाच रंगाची खासगी पानं खूप आहेत आणि ती वर कमिशन लावतात. फुंत्शोलिंगला जाऊनही परमिट काढता येतं, पण म्हातारं माणूस आणि लहान पोर बरोबर असताना आधी घरूनच भरलेलं बरं. अर्जात मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून रद्द केलं तर पैसे परत मिळतील असंच हॉटेल धर. आणि पुनाखा, बुमथांग, जिथं जिथं जायचंय ते सगळं सुरुवातीलाच लिही. थिंफूहून पुनाख्याकडे निघालं की होंगत्सोला तपासणी नाका आहे, तिथं कागद बघतात. थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड बरोबर हवा, तो आधीच ठरव. आपली गाडी न्यायचा विचार तुझे अहो करत असतील तर त्यांना सांग, तिचं रोजचं शुल्क वेगळं आणि ते चांगलंच जड आहे. तिथलीच गाडी करा.

मी आईला घेऊन रस्त्यानं गेले होते. हासिमाऱ्याला रेल्वेतून उतरून जयगाव, आणि जयगावच्या गर्दीतून चालत त्यांच्या दारातून आत. मला सगळ्यात धास्ती आईची होती, की परक्या मुलखात काउंटरवर काही विचारलं तर ती गांगरून जाईल. तिथं फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. आईचा ठसा काही उमटेना. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. काउंटरवरच्या मुलीनं, अंगात किरा, म्हणजे तिथल्या बायकांचा पोशाख, केस नीट बांधलेले, जागेवरून उठून आईचं बोट स्वतःच्या रुमालानं पुसलं, काचेवर हलकं दाबून धरलं, परत पुसलं, परत धरलं. मागं रांग होती, पण कुणी आवाज चढवला नाही. झाल्यावर तिनं आईला हिंदीत विचारलं, ‘थंडीचं आणलंय ना?’ तुझ्या सासूबाईंचंही असंच होईल बघ. तू फक्त त्यांच्या शेजारी उभी राहा, आणि क्रीमची बाटली त्या दिवशी सकाळी लपवून ठेव, क्रीम लावलेल्या बोटांचा ठसा नीट येत नाही.

जयगावला पोचायला रात्र झाली तर तिथंच राहा. भारतातच आहे, त्या रात्रीचा एसडीएफ नाही. विमानानंच जायचं ठरलं तर पारोहून परतीच्या दिवशीच पुढचं मुंबईचं विमान पकडायचा घाट घालू नकोस. पारोची धावपट्टी डोंगरांच्या मधोमध आहे, दिवसाउजेडी आणि हवा मोकळी असेल तरच विमान उतरतं, आणि तिथं विमान उतरवणारे वैमानिक मोजकेच आहेत. मध्ये एक रात्र ठेव.

बाकी किरकोळ. झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांत, जायला पूर्ण बाह्यांचे कपडे, सासूबाईंना नऊवारीवर पूर्ण बाह्यांचं पोलकं. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पारोजवळच्या तक्त्सांग मठाच्या चढाला त्यांना नेऊ नकोस, तीन हजार मीटरच्या वर आहे ते. खाली चहाच्या दुकानात बसायला आनंदानं तयार होतील त्या. भूतानचं न्गुल्त्रुम आणि आपला रुपया एकाच भावाचे, त्यामुळे बदलाबदलीचा घोर नाही. शंभराच्या नोटा मात्र जास्त घे.

आज रात्री जेवणं आवरली की सगळ्यांची कार्डं, पासपोर्ट आणि दाखले टेबलावर मांड, एकेकाचा उजेडात फोटो काढ आणि मला पाठव. सासूबाईंचं कार्ड सगळ्यात आधी. नाव चुकलेलं निघालं तर फॉर्म ८ आपण दोघी फोनवर बसून भरू.